पेद्रूची ठेव

मागच्या महिन्यात पणजीहून एक दाढीवाला तरुण माझ्याकडे आला होता. जुन्या तबकड्या गोळा करण्याचा त्याला नाद आहे, आणि डिचोलीत एका निवृत्त शिक्षिकेकडे इंग्रजी गाण्यांची पेटी आहे असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याने हात धुतले, रुमालाला पुसले आणि दोन बोटांनी एकेक तबकडी पुढे सारत बघू लागला. त्याचं बघणं मला आवडलं. मधेच एक वेष्टन त्याने नाकाशी नेलं. "आंटी, ह्याला धुराचा वास येतो. आणि आणखी कसला तरी, आंबट." मी म्हटलं, "सोलांचा." मग त्याने सगळे विचारतात तोच प्रश्न विचारला, "हे कलेक्शन तुमच्या वडिलांचं का?" मी म्हटलं, आईचं. तो नम्रपणे हसला, म्हणजे त्याला ते खरं वाटलं नाही. भिंतीवर आईचा फोटो आहे. कपाळभर कुंकू, अंबाड्यात आबोलीची माळ, आणि फोटो काढणाऱ्याने हलू नका म्हटल्यामुळे चेहऱ्यावर थोडा राग. तो फोटोकडे बघायचा, मग तबकड्यांकडे, मग पुन्हा फोटोकडे. त्याला मी जे तोंडी सांगितलं ते घाईचं होतं. आई गेली त्याला अजून वर्ष झालेलं नाही, आणि मी मुळात सावकाश लिहिणारी. पण हे प्रकरण तिचं आहे, ते नीटच लिहायला हवं.

आमचं घर हरमलचं, पण किनाऱ्यावरचं नव्हे. समुद्र घरातून दिसत नसे, नुसता ऐकू येई, पलीकडच्या खोलीत कुणी सूप पाखडत असल्यासारखा. सकाळ व्हायची ती पदेराच्या भोंग्याने. तो सायकलला टोपली बांधून गरम पोया, कोंड्याचे गोल पाव, विकायला यायचा आणि आमच्या पायरीशी आला की भोंगा उगाच दोनदा जास्त वाजवायचा. मग रहाटाची कुरकुर, मग शेजारच्या बायजाक्काचा आवाज, जो एकदा सुरू झाला की दिवेलागणीपर्यंत थांबत नसे. बाबा डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचे आणि शनिवारी घरी यायचे. त्यांच्या कपड्यांच्या तांबड्या पाण्याने न्हाणीची फरशी कायमची रंगली होती. बाकीचे दिवस घरात आई आणि मी. आई मराठी दुसरीपर्यंत शिकलेली. मी पेडण्याच्या इंग्रजी शाळेत जात होते, त्यामुळे घरात इंग्रजी कळणारी मी एकटी, आणि त्याचा मला त्या वयात शोभेल एवढा गर्व होता.

गोरी पोरं तेव्हा किनाऱ्यावर येऊन राहू लागली होती. लांब केस, अनवाणी पाय. गाव त्यांच्याकडे दुरूनच बघत असे. त्यांतला एक जण पाणी मागायला आमच्या दारात आला, तेव्हा आई सोप्यावर बसून पेज जेवत होती. त्याची नजर पाण्याच्या तांब्यावर नव्हती, पेजेच्या ताटलीवर होती. आईने दुसरी ताटली आणली, उकड्या तांदळाची पेज वाढली, वर मिठातल्या कैरीची फोड ठेवली. दुसऱ्या दिवशी तो आणखी दोघांना घेऊन आला. असं करत आमच्या सोप्याची खानावळ झाली. पेज, अळसांद्याचं तोणाक, म्हणजे चवळीची आमटी, पोई, सोलकढी, आणि कधी हळदीच्या पानातल्या पातोळ्या. बायजाक्का कुंपणावरून विचारायची, "सुलूवैनी, तुज्या गोऱ्या पुतांक आयज कितें रांदलां?" आई म्हणायची, "तुजें तोंड बंद जायत असलें कितेंय." दोघी हसायच्या आणि बायजाक्का वाटीभर तोणाक घेऊन जायची.

त्या पुतांपैकी एक आमच्याकडे राहायलाच आला. त्याचं नाव पीटर, पण आईने पहिल्याच दिवशी त्याचा पेद्रू केला आणि तोही त्या नावाला ओ देऊ लागला. नारळ ठेवायची मागची खोली त्याने भाड्याने घेतली. त्याच्याकडे कपडे जवळजवळ नव्हते. होती एक लाकडी पेटी, तबकड्यांनी भरलेली, आणि एक बॅटरीवर चालणारं वाजवण्याचं यंत्र, झाकण लावलं की शिलाई मशीनच्या डब्यासारखं दिसणारं. संध्याकाळी तो ते सोप्यावर आणून लावायचा. आई तांदूळ निवडत ऐकायची. मग एका संध्याकाळी वेष्टनावरच्या बाईच्या चित्रावर बोट ठेवून तिने मला म्हटलं, "विचार ताका, ही कोण? हिची काणी कितें?"

काणी म्हणजे गोष्ट. मला वाटतं सगळं तिथे सुरू झालं. आईला गाणं नुसतं ऐकता यायचं नाही. ज्याचं गाणं, त्याचं घर कुठलं, आई कोण, तो हसतो कशाला आणि रडतो कशाला, हे कळल्याशिवाय तिच्या कानाला ते लागत नसे. पेद्रू सांगायचा, मी तिला सांगायची. ही बाई एका पाद्र्याची मुलगी, देवळात खोक्यावर उभी राहून गायची कारण लहान होती. हा बाजाची पेटी वाजवणारा जन्मापासून आंधळा, पावसाच्या आवाजावरून दार कुठे आहे ते ओळखायचा. हा तारा छेडणारा डावरा, दुकानात डाव्या हाताचं वाद्य मिळेना म्हणून उजव्याचंच उलटं धरायला शिकला. इंग्रजी नावं आईच्या तोंडात बसत नसत. तिने आपली नावं दिली: पाद्र्याची चली, कुड्डो, डावरो. एकसारखे झगे घातलेल्या तीन मुली होत्या, एक ओळ म्हणायची आणि दोघी तिला उत्तर द्यायच्या. त्यांना आई धालोकान्नी म्हणायची. पौषात आमच्याकडे बायका मांडावर, म्हणजे गावच्या मोकळ्या अंगणात, धालो घालतात, समोरासमोर दोन रांगा, एक रांग म्हणते आणि दुसरी झेलते. "हें आमचेंच," आई म्हणाली, "फकत झगे घालून." एक दणदणीत तारांचा चमू होता, तो मात्र बाबांचा. शनिवारी अंघोळ करून ते सोप्यावर बसायचे. "हांव आठवडोभर खणीर माती ओडटां आनी हांगा सायबांचें कीर्तन," असं कुरकुरायचे, आणि तो चमू लागला की पाय हलवत म्हणायचे, "ह्या इंजिनाचें टायमिंग बरें आसा पूण."

पुढे आईने नियमच करून टाकला. सोप्यावर जेवायला येईल त्याने पेटीतली एक तबकडी काढायची आणि तिच्या गवयाची काणी सांगायची. काणी सांगितली की सोलकढी दुसऱ्यांदा मिळे. पोरं आनंदाने सांगत, काही थापाही मारत असतील. पण आई सोपी नव्हती. एकाच गवयाच्या दोन काण्या आल्या की ती कोर्ट भरवायची. "पयलो म्हणटालो, कुड्ड्याचो बापूय सुतार. तूं म्हणटा, बापूय पळून गेलो. खंयचें खरें?" आणि ते लांब केसांचं पोर तोणाक गिळत विचार करू लागायचं, दोन्ही खरं असू शकेल, सुतार होता आणि पळून गेला. "तर मग तशें सांग," आई म्हणायची. अशा घासून घेतलेल्या काण्या ती दुपारी कुंपणापाशी बायजाक्काला सांगायची, धालोच्या बायकांना सांगायची, आणि तिच्या सांगण्यात त्या गवयांच्या घरांतही पेज शिजायची. पुढच्या आयुष्यात मी पोरांना बरंच काही शिकवलं. पण चार तोंडांतून आलेली गोष्ट उलटसुलट तपासून मग आपलीशी करायची, ही विद्या मी कुठल्याही कॉलेजात शिकले नाही.

पेटीच्या तळाशी एक लहान तबकडी होती, बाकीच्यांच्या निम्म्या आकाराची, वेष्टनावर चित्र नसलेली. पेद्रू ती कधी लावत नसे. एकदा तो विहिरीवर कपडे धूत असताना आईने ती काढली आणि नेहमीसारखी यंत्रावर ठेवली. एका पुरुषाचा आवाज आला, खोल, जड, प्रत्येक शब्द ओल्या वाळूतून पाय उचलल्यासारखा. ढोलही तसाच, मागे राहिलेला. आई सूप बाजूला ठेवून बसली. मी वर बघितलं तेव्हा पेद्रू दारात उभा होता, एक हात वरच्या चौकटीला लावून, दुसऱ्या हातात पिळलेला शर्ट. त्यातून पाणी गळत होतं. गाणं संपेपर्यंत तो तसाच होता.

"हो कोण रे पेद्रू?" आईने विचारलं.

तो शर्ट खांबाला अडकवून आला. मग सोप्याच्या कडेला बसला आणि काणी सांगितली. नेहमी तो हातवारे करत सांगायचा, त्या दिवशी हात मांडीखाली होते. हा एका विधवेचा मुलगा. त्यांच्या स्वयंपाकघराचं दार पिवळं होतं. रविवारी चुलीवर सूप शिजत असताना आई त्याला आपल्या पावलांवर उभं करून नाचवायची. मोठा झाल्यावर त्याला गिटार हवी होती, तेव्हा त्याने मेलेल्या बापाचा कोट विकून टाकला. आई ओरडली नाही. सूप वाढता वाढता म्हणाली, आज तू त्याला दुसऱ्यांदा पुरलास. तो ताटावरून उठला आणि चालू लागला. इतका लांब गेला, की परत जायचं म्हटलं तरी काय तोंडाने जायचं ते कळेना. म्हणून तो गातो. जगाने ऐकलं काय, न ऐकलं काय. एका घरात ऐकू जावं म्हणून गातो.

मी तुकड्यातुकड्याने सांगत होते. आईने पदराने डोळे पुसले. "मागीर? परत गेलो तो?"

मी विचारलं. पेद्रू म्हणाला, "अजून नाही."

त्या दिवसापासून पेटीतली सगळ्यांत लाडकी तबकडी ती. आई त्या गवयाला नाव देईना. त्याला ती नुसतं 'तो' म्हणायची.

पुढच्या हंगामाच्या शेवटी पेद्रू उत्तरेकडे डोंगरात जायला निघाला. पेटी आणि यंत्र त्याने आईच्या पुढ्यात ठेवलं. "मी येईपर्यंत सांभाळ." आईने दोन्हींवर हळदकुंकू लावलं. मला तेव्हा हसू आलं होतं. ठेव म्हणजे काय हे आमच्या घरात मला त्या पेटीने शिकवलं. पावसाळ्यात हरमलला चपलेलाही बुरशी येते. आईने चुलीच्या भिंतीवरच्या फळीवरून कोकमाची सोलं आणि मिरच्या बाजूला सारून पेटीला जागा केली. जुन्या लुगड्याचे चौकोन कापून प्रत्येक तबकडी त्यात गुंडाळली. उन्हाचा दिवस मिळाला की ती एकेक उघडून पुसायची, ऊन लागू न देता. वाजवायची परवानगी पेद्रूने दिली होती, म्हणून वाजवणं चालू राहिलं, आणि नवी पोरं येऊन काण्यांत भर घालत राहिली. पण यंत्राची बटणं, दांडे, कशालाच हात लावू द्यायची नाही. सुरू करायचा खटका तेवढा माहीत होता, तेवढाच दाबायचा. कडेला एक छोटा दांडा होता. तो कशाला आहे म्हणून मी एकदा बोट नेलं तर तिने चापट मारली. "लोकाची वस्तू. जितली कळटा तितलीच हाताळची." तिचा हा प्रामाणिकपणा आम्हाला कुठे घेऊन गेला ते आता सांगते.

पेद्रू आला नाही. दोन पावसाळे गेले, आणखी गेले. बायजाक्का म्हणायची, "आतां तुजीच ती. गोऱ्यांक कितें, तांकां याद सुदां आसची ना." आई म्हणायची, "म्हाका आसा न्हय." मी शेवटच्या वर्गात होते आणि मनातून ती पेटी केव्हाच माझी झाली होती. कॉलेजला जाताना ती घेऊन जायची, हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

काजूला मोहोर आला होता, म्हणजे पौष. दुपारची वेळ. आमच्या वाटेवर मोटरसायकल थांबली, भाड्याने माणसं नेणाऱ्या पायलटाची. मागे एक साठीची गोरी बाई, मांडीवर पिशवी आवळून, केस वाऱ्याने उभे. पायलट म्हणाला, "बस थांब्यार विचारताली, रेकॉर्डांची बाय खंय रावता म्हणून. म्हटलें, दुसरी कोण आसतली?" हे वाक्य ऐकून मला जो अभिमान वाटला तो पुढच्या क्षणी विरला, कारण ती बाई पायरी चढून आली, दारात थांबली आणि तिने एक हात वरच्या चौकटीला लावला. आईने माझ्याआधी ओळखलं.

"पेद्रूची आवय," ती म्हणाली.

बाईने सांगितलं ते थोडंच होतं. तिचा मुलगा तिकडे डोंगरात तापाने गेला. ह्याच सोप्यावर जेवून गेलेला त्याचा एक मित्र तिला तिच्या गावी भेटला होता, त्याच्याकडून ह्या घराचा पत्ता कळला. इथे त्याच्या काही वस्तू आहेत का, एवढंच तिला बघायचं होतं. मी ते आईला सांगितलं. आई आत गेली. मोरीत पाण्याचा आवाज झाला, बराच वेळ. मग ती बाहेर आली ती पाण्याचा तांब्या आणि गूळ घेऊन, आणि मग पेज घेऊन. "पयलीं जेव म्हण तिका. पोट रितें आसतना असलें उलोवंचें न्हय." बाईने पेज खाल्ली. मिठाची कैरी तोंडात घातल्यावर तिने डोळे मिटले आणि म्हणाली की असलं आंबट तिच्या मुलाला फार आवडायचं. आई म्हणाली, "म्हाका खबर आसा."

मग आईने मला पेटी काढायला सांगितली. मी चुलीपाशी स्टुलावर चढले आणि पेटीला धरून तशीच उभी राहिले.

"आई, सगळ्यो दितली?"

"आमच्यो आशिल्ल्यो काय त्यो?"

"इतलीं वर्सां आमीं सांबाळ्ळ्यो."

"सांबाळ्ळ्यो म्हणून तर दितां. सांबाळूंक नासल्यो जाल्यार कितें दितलें?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "देंव सकयल." मी पेटी घेऊन खाली उतरले.

बाईने लुगड्याचे चौकोन सोडले, वेष्टनं पाहिली, आणि त्या दाढीवाल्या पोरासारखंच एक नाकाशी नेलं. आईने तिच्या हातातून ते हळूच काढून घेतलं आणि बोट ठेवलं. "ही पाद्र्याची चली. सांग तिका." आणि तिने काणी सुरू केली. एकामागून एक. कुड्डो, डावरो, धालोकान्नी. ती सांगत होती आणि मी इंग्रजीत घालत होते. इतकं चांगलं इंग्रजी मी त्याआधी कधी बोलले नव्हते, आणि नंतरही क्वचितच. बाई मधेच हसायची. हे त्याने रचलेलं, म्हणायची, हे मात्र खरं आहे. पावसाच्या आवाजावरून दार ओळखणं तर तो स्वतः लहानपणी करायचा, डोळे बांधून. आई माझ्याकडे बघायची आणि मान हलवायची, कोर्टात नवीन पुरावा आल्यासारखी. बायजाक्का केव्हाच कुंपण ओलांडून दाराशी येऊन उभी होती.

शेवटी ती लहान तबकडी. आई म्हणाली, "ही निमाणी. हो म्हजो." तिने ती यंत्रावर ठेवली आणि खटका दाबला. तो आवाज सुरू झाला, खोल, ओल्या वाळूतला. बाई ऐकत राहिली. आधी तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मग कपाळाला आठी पडली. ती वाकली, बोट पुढे केलं आणि कडेचा तो छोटा दांडा सरकवला.

आवाज उडी मारून वर आला. ढोल धावू लागला. एक तरुण बाई गात होती, हसत, नाचत गात होती, आणि आमचा सोपा तिला पुरत नव्हता.

"अगे, ही बायल," बायजाक्का म्हणाली.

आईने तोंडावर हात ठेवला. बाई समजावत होती की लहान तबकडी जास्त वेगाने फिरवायची असते, मोठीच्या वेगावर लावली की आवाज असा जड होतो. मग थांबून म्हणाली, ही माझी आहे. माझ्या स्वयंपाकघरातली. जाताना त्याने ही नेली हे मला आत्ता कळतंय. मी हे आईला सांगितलं. आई गाण्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"हो दादलो न्हय जाल्यार," ती सावकाश म्हणाली, "ती काणी कोणाची?"

बाईने विचारलं, कुठली काणी? आईने मान हलवली, सांग. आणि मी सांगू लागले. पिवळं दार. पावलांवर उभं करून नाचणं. ते ऐकताच बाईने आपला एक हात दुसऱ्या हाताने धरला. मी कोटाशी आले. पुढचं तीच म्हणाली. तपकिरी कोट होता. मी जे बोलले ते बोलायला नको होतं. सूप मी रात्रभर तसंच ठेवलं होतं, पोर भुकेलं परत येईल म्हणून.

तबकडी संपून खरखरत होती. मग तिने विचारलं, पुढे काय सांगितलं त्याने? परत जाणार म्हणाला का? मी तेव्हा सतरा वर्षांची. वाटलं, हो म्हणावं. पण आई समोर बसली होती, आणि चार तोंडांची साक्ष घेणारी ती, तिच्यासमोर मला खोटं भाषांतर येणार नव्हतं. मी म्हटलं, आईने हेच विचारलं होतं. तो म्हणाला, अजून नाही.

बाईने मान खाली घातली. रडून झाल्यावर ती यंत्राकडे वळली आणि तो दांडा परत मूळच्या जागी नेला. "तो ऐकायचा तसं लावा," ती म्हणाली. आम्ही चौघींनी ते पुन्हा तसंच ऐकलं, पुरुषाच्या आवाजात, पाय ओढत चाललेलं. ते इतकं त्याचंच वाटलं, की मी दाराकडे वळून बघितलं.

निघायची वेळ झाली. आई उठली आणि सुपात तांदूळ, नारळ, खण घेतला. बायजाक्का कानाशी कुजबुजली, "सुलू, तिका घो ना." विधवेची ओटी आमच्याकडे भरत नसत. आई मोठ्याने म्हणाली, "घो नासूं. आवय न्हय ती? ओटी आवयची." आणि तिने त्या बाईच्या पिशवीच्या तोंडाशी पदरासारखा रुमाल धरायला लावला, कुंकवाचं बोट लावलं, ओंजळीने तांदूळ घातले, नारळ ठेवला, आणि नारळाच्या कुशीत लुगड्याच्या चौकोनात गुंडाळलेली ती लहान तबकडी. गावात ह्या गोष्टीची चर्चा बरेच दिवस झाली. आईला कुणी तोंडावर विचारलं नाही.

ओटीतले चार दाणे परत द्यायचे असतात, घर रितं करून जायचं नसतं. मी हे बाईला सांगितलं. तिने रुमालातल्या तांदळाकडे पाहिलं, चिमूटभर उचलले. मग थांबली. चिमूट सुपात टाकली, आणि उरलेली अख्खी पेटी, यंत्रासकट, दोन्ही हातांनी आईच्या बाजूला सरकवली. "हे माझे दाणे," ती म्हणाली. मी आईला सांगितलं. ठेव म्हणून ठेवलेलं आईने कधीच घेतलं नसतं, दान तर नाहीच. पण ओटीतले दाणे नाही म्हणता येत नाहीत. तिने पेटीला हात लावून तो हात कपाळाला लावला. त्या दिवसापासून ती पेटी आमची.

त्या दाढीवाल्या तरुणाने विचारलं, ती लहान तबकडी कुठली, नाव काय. मला नाव माहीत नाही. आईला तर नव्हतंच. पण तबकडी गेल्यावरही तिची काणी आई सांगत राहिली, सोप्यावर, मांडावर, बाबा गेल्यावर माझ्याकडे डिचोलीला राहायला आली तेव्हा माझ्या शाळेतल्या मुलींनाही. त्यांना ती तपकिरी कोट, पिवळं दार, सूप, सगळं नीट सांगायची, आणि मुली हमखास विचारायच्या, मग आजी, तो परत गेला?

"गेलो तर," आई म्हणायची. "नारळाबरोबर गेलो."